टीप कोणाची? कामगारमंत्र्यांना एका वेटरचे खुले पत्र

माननीय कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी एका कुटुंबाने टेबलावरचा क्यूआर कोड स्कॅन करून बिलापेक्षा दोनशे रुपये जास्त भरले आणि निघताना त्यांच्यातल्या आजी मला म्हणाल्या, "वरचे दोनशे तुझे बरं का." रात्री गल्ल्यावर मी ते मागितले, तेव्हा खात्यात आले ते हॉटेलचे, असे शेठनी सुनावले. बडीशेपच्या बशीत ठेवलेली नोट निदान माझ्या हाताला तरी लागत असे.

साहेब, मी पुण्यात सकाळी दहापासून शटर पडेपर्यंत उभा असतो. दुपारची सुट्टी हजेरीतून वजा होते, पण त्याच वेळात नॅपकिनच्या घड्या घालणे आणि मिठा-मिरीच्या डब्या भरणे चालू असते. ग्लास फुटला तर पैसे पगारातून कापले जातात. पगारवाढ मागितली की उत्तर ठरलेले आहे, "टीप मिळतेच की!" ती टीपही आता त्यांच्याच खात्यात जाते.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सर्व्हिस चार्जच्या सक्तीला मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. ग्राहक सुटला, त्याचे अभिनंदन. मात्र आमच्या सेवेच्या नावाने वर्षानुवर्षे गोळा झालेल्या पैशांतले आमच्यापर्यंत किती पोचले, हे आम्हाला कोणी विचारले नाही. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून टीप आणि सर्व्हिस चार्ज, कार्डावर दिला असला तरी, पूर्णपणे कामगारांना वाटणे मालकांवर बंधनकारक आहे. तसा कायदा इथे करावा आणि पगार टीपेच्या भरवशावर ठेवू नये, एवढीच मागणी आहे. अमेरिकेचा कित्ता मात्र कृपया गिरवू नये. टीप मिळणाऱ्यांचे तिथले केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरवर अडकले आहे, आणि आमच्या शेठना हे कळले तर ते उद्याच त्याची मागणी घेऊन आपल्याकडे येतील.

आपले निरीक्षक येतात, नाही असे नाही. ते येणार हे शेठना आदल्या दिवशीच कळते, त्या दिवशी आम्ही सगळे कागदावर आठ तासांचे कामगार होतो आणि साहेब जेवून जातात. तिथे बिलच होत नाही, मग टीपेचे काय घेऊन बसलात! आमची मते गावाकडे असल्यामुळे इथल्या आमदारांना आम्ही दिसत नाही आणि गावाकडच्यांना आमची आठवण फक्त मतदानाच्या आदल्या रात्री, गाडी पाठवण्यापुरती होते.

या पत्रावर "पुढील कार्यवाहीस्तव अग्रेषित" एवढाच शेरा पडणार असेल, तर मला प्रत पाठवण्याचा खर्च शासनाने करू नये.

आपला,
पुण्यातील एक वेटर