जिराफ पुष्कळ झाले, आता काळवीट छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या बालपानावर दर आठवड्याला ‘चित्र रंगवा’ ही चौकट येते. माझी साडेचार वर्षांची नात आणि मी तिचे नेमाचे गिऱ्हाईक. वर्षभरात आमच्याकडे तीन जिराफ, दोन कांगारू, एक पेंग्विन आणि न मोजलेले सिंह रंगवून झाले. चौकटीच्या पाठीमागे शब्दकोडं असतं आणि स्केचपेनचा रंग वर्तमानपत्राच्या कागदातून आरपार उतरतो. ती तक्रार मात्र माझी नाही, सौ.ची आहे. माझं म्हणणं वेगळं आहे.

मी ३० वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवली. रंगभरणाच्या आयत्या कागदांबद्दल माझं मत कधीच बरं नव्हतं. एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका करताना कलाशिक्षणतज्ज्ञ व्हिक्टर लोवेनफेल्ड हे नाव कानीकपाळी ओरडून सांगितलं जायचं. आयतं चित्र हाती दिलं की मुलाचा स्वतःच्या रेघेवरचा भरवसा उडतो, हे त्यांचं सांगणं. मलाही वर्गात तेच दिसायचं. ‘सर, मला मांजर येत नाही’ असं म्हणणाऱ्या मुलांच्या दप्तरात हटकून रंगभरणाची पुस्तकं निघायची.

नात आली आणि मत थोडं मऊ झालं. कागद रंगवायला बसली की ती अर्धा तास हलत नाही, आणि हात चालू असताना तोंडही चालू असतं. खडू धरायची सवय लागते, हे तर आहेच. इथे पालकांना एक सांगतो: मेणाचा खडू तुटला तर फेकू नका. लांब खडू लहान मूल मुठीत धरतं. बोटाच्या दोन पेरांएवढा तुकडा द्या, अंगठा आणि पुढची दोन बोटं आपोआप जागेवर येतात. चोवीस रंगांचा नवा डबा आणण्यापेक्षा हे स्वस्तही पडतं.

तर मुद्द्याचं. मध्यंतरी बालवाडीतून वाघाचा कागद रंगवायला मिळाला. नातीने अख्खा वाघ हिरवागार करून टाकला, शेपटीसकट. कागद परत आला तेव्हा कोपऱ्यात लाल पेनाने ‘नारिंगी?’ असं लिहिलेलं. बाईंना दोष देत नाही, एवढी पोरं सांभाळायची म्हणजे खेळ नाही. पण मी नातीला विचारलं, हिरवा का गं? तर म्हणे, “आबा, तो उसात बसलाय. दिसला तर लोक ओरडतील ना.” मग हे पट्टे? “ती उसाची पानं आहेत.”

तिच्या लेखी तो वाघ नव्हताच. तिचं आजोळ निफाडकडे, तिथे रोज रात्री बिबट्याचाच विषय. ऊसतोड सुरू झाली की फडात बछडी सापडतात, हे आपल्याच अंकात आपण सगळे वाचतो. पोरीने ऐकलेलं सगळं त्या कागदावर उतरवलं होतं, आणि बिबट्या कसा दडतो हेही तिला बरोबर उमगलं होतं. चुकला होता फक्त छापलेला प्राणी.

मग आम्ही दोघांनी बिबट्या केला. बाह्यरेषा मी काढून दिली आणि स्वयंपाकघरातून भेंडी आणली. बिबट्याच्या अंगावर चित्त्यासारखे भरीव ठिपके नसतात. काळ्या डागांचं कडं असतं आणि आतला भाग पिवळसर राहतो. भेंडी आडवी कापून काळ्या रंगात बुडवली की थेट तसाच ठसा उमटतो. सगळ्या अंगभर ठसे मारून झाल्यावर तिने मला बजावलं की याला पट्टे काढायचे नाहीत, पट्टे वाघाला. हे मी तिला पाठ करून घेतलं नव्हतं.

संपादक महोदय, आपल्या नाशिक जिल्ह्यात रंगवण्यासारखं काय कमी आहे? नांदूर मध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याला जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्रातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान मिळाला. तिथली जांभळी पाणकोंबडी पाहा: निळं-जांभळं अंग, लालभडक चोच, कपाळावर लाल टिळा आणि पायही लालसर. निम्मा खडूंचा डबा एका पक्ष्यात संपतो. तिथे येणारा रोहित (फ्लेमिंगो) गुलाबी होतो तो खाण्यामुळे, शेवाळातल्या आणि बारीक कोळंबीतल्या रंगद्रव्यामुळे. त्याचं पिल्लू राखाडी असतं. म्हणजे एखाद्या मुलाने रोहित राखाडी रंगवला तरी लाल पेन उचलायचं कारण नाही.

येवल्याच्या ममदापूरला काळवीट आहेत. नर-मादीची जोडी शेजारी शेजारी छापा. नर वरून काळा, पोटाला पांढरा, पिळाची शिंगं. मादी फिकट तपकिरी, बहुधा बिनशिंगाची. हरसूलकडे खोरीपाड्याला गिधाडांसाठी उपाहारगृह, म्हणजे मेलेली जनावरं त्यांना खायला ठेवायची जागा, चालवलं गेलं, हे सांगितलं की पोरं हसतात आणि मग विचारतात, तिथे मेन्यू काय. नीलवंत हे तर २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू, अळ्या लिंबू-संत्र्याच्या जातीच्या झाडांवर वाढतात. त्याचा एकच पंख छापावा, दुसरा मुलांनी कागद दुमडून स्वतः काढावा. अर्धं चित्र दिलं की लोवेनफेल्डसाहेबांचाही राग बराचसा निवळेल.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली डहाणूजवळच्या बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा शंख-शिंपले, पानं, बिया हीच मुलांची साधनं होती, जे अंगणात सापडेल ते. आपल्या मुलांच्या हातात मात्र आज ऑस्ट्रेलियाचा कांगारू. तोही असू दे, माझा त्याच्यावर राग नाही, पण त्याच्या बरोबरीने मांडीला मांडी लावून आपलं जनावर का नसावं?

रंग चुकण्याबद्दल एकच विचारतो. पोळ्याला आपण बैलाची शिंगं हिरवी, जांभळी, सोनेरी रंगवतो, पाठीवर गुलाबी ठसे उमटवतो. तेव्हा कोणी त्या शेतकऱ्याला ‘नारिंगी?’ म्हणून विचारतं का?

तेव्हा विनंती एवढीच. महिन्यातून निदान एक चित्र नाशिक जिल्ह्यातल्या प्राण्याचं किंवा पक्ष्याचं द्यावं. खाली त्याचं मराठी नाव मोठ्या अक्षरात आणि तो कुठे दिसतो ही एक ओळ असावी, म्हणजे वाचून दाखवणाऱ्या आजीआजोबांनाही काम मिळेल. झाडं, गवत, पाणी छापू नका, भोवतालची जागा कोरी सोडा; ऊस कुठे लावायचा ते मुलं बघतील. आणि पाठीमागे जाहिरात टाका. शब्दकोडं दुसऱ्या पानावर हलवलंत तर सौ. आपली ऋणी राहील.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
पंचवटी, नाशिक