वाहतूक अर्थशास्त्राची सुरुवात बसथांब्यावर व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाचा हंगाम आला की करिअर पुरवण्यांत हल्ली ‘ट्रान्सपोर्ट इकॉनॉमिक्स’ हे नाव दिसू लागते. मेट्रो, समृद्धी, सागरी सेतू डोळ्यांसमोर उभे राहत असल्याने मुले चौकशीही करतात. इंग्लंडमध्ये लीड्सला या विषयाची एमएस्सी आहे, वडोदऱ्याला गतिशक्ती विश्वविद्यालय आहे, हे त्यांना मोबाइलवर कळते. पण या विषयात विद्यार्थी अडतो तो सूत्रांपेक्षा मोजणीपाशी, आणि आपल्याकडच्या अर्थशास्त्राच्या वर्गात मोजणीला फारशी जागा नाही.

साधे उदाहरण घ्या. एका मार्गावर दर १० मिनिटांनी बस आहे, तर प्रवासी सरासरी किती थांबेल? वर्गातले उत्तर ५ मिनिटे. आता थांब्यावर जे रोज घडते ते बघा: दोन बस पाठोपाठ आल्या आणि पुढची २० मिनिटे काहीच नाही. तासाला फेऱ्या तेवढ्याच सहा, पण सरासरी थांबणे दुप्पट, १० मिनिटे. कारण बहुतेक माणसे त्या लांबलेल्या वेळातच थांब्यावर पोचतात. गर्दीचेही तसेच. पहिल्या बसमध्ये ८० आणि तिच्या मागच्या बसमध्ये २० प्रवासी असतील, तर डेपोच्या कागदावर सरासरी ५० येते. प्रवाशाला विचाराल तर १०० पैकी ८० जण खच्चून भरलेल्या बसमध्ये होते. त्यांच्या बाजूने सरासरी ६८ निघते. त्यात बसमध्ये बसून काढलेल्या मिनिटापेक्षा थांब्यावर काढलेले मिनिट दीडपट ते दुप्पट जड मानण्याचा प्रघात आहे. एवढे ज्याने एकदा स्वतः मोजले, तो ‘फेऱ्या पुरेशा आहेत’ या उत्तरावर समाधान मानणार नाही.

भाड्याच्या लवचिकतेवरचे, म्हणजे भाडे बदलले की प्रवासी किती बदलतात यावरचे, प्रबंध तर हमखास फसतात. जुलै २०१९ मध्ये बेस्टने किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आणले. विद्यार्थी ३७.५ टक्के घट धरतो, प्रवासीवाढीला तिने भागतो आणि मोकळा होतो. इतक्या मोठ्या बदलाला मध्यबिंदूवरून, म्हणजे ८ आणि ५ च्या मधल्या साडेसहावरून, टक्केवारी काढावी लागते, ती ४६ येते. शिवाय त्याच वेळी पहिल्या टप्प्याचे अंतर २ किलोमीटरवरून ५ झाले, म्हणजे ४ किलोमीटर जाणाऱ्याची बचत आणखी वेगळी. आणि आठ महिन्यांत टाळेबंदी आली. मे २०२५ मध्ये हेच भाडे ५ चे १० झाले. त्या वाढीचा परिणाम मोजताना तरी आधीच्या आणि नंतरच्या सारख्याच महिन्यांची तुलना करावी, एप्रिलची जूनशी नको. भाडे १० टक्के वाढले की प्रवासी ३ टक्के घटतात, हा जुना ठोकताळा पहिल्या काही महिन्यांपुरता. पुढे घट वाढत जाते, कारण दरम्यान माणूस हप्त्यावर दुचाकी घेतो.

वेळेचे मूल्य, म्हणजे वाचलेल्या वेळासाठी माणूस किती पैसे मोजायला तयार आहे, हे तिसरे दुखणे. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला तेव्हा मोटारीचा एकेरी टोल २५० रुपये होता. समजा वाशीच्या खाडीपुलावरून जाण्याच्या तुलनेत ५० मिनिटे वाचली. विद्यार्थी लिहितो, तासाला ३०० रुपये. दोन्ही रस्त्यांच्या पेट्रोलमधला फरक त्याने हिशेबात घेतलेला नसतो. गाडीत तिघे असतील तर ते ३०० तिघांचे मिळून. ऑक्टोबर २०२४ पर्यंत वाशी नाक्यावर मोटारींनाही टोल होता, नंतर माफ झाला; म्हणजे पाहणी कोणत्या महिन्यातली, यावरही आकडा हलतो. एवढे सगळे सावरले तरी सेतूवरून गेलेल्याबद्दल इतकेच कळते की त्याला वेळ किमान तेवढा मोलाचा आहे. वाशीवरून गेलेल्याला तो तेवढा मोलाचा नाही. दोघांची माहिती एकत्र घेऊन लॉजिट मॉडेल, म्हणजे माणूस कोणता पर्याय निवडेल याची शक्यता मांडणारे सूत्र, बसवल्याशिवाय आकडा निघत नाही. डॅनियल मॅकफॅडन यांना २००० चे नोबेल मिळाले ते अशाच निवडींच्या विश्लेषणासाठी. बायोजेम आणि अपोलो ही त्यासाठीची सॉफ्टवेअर मोफत मिळतात, त्यामुळे पैशांची सबब चालणार नाही.

यासाठी वेगळा विभाग उघडायची गरज नाही. नव्या अभ्यासक्रमात एमएला फील्ड प्रोजेक्ट आहेच, तो थांब्यावर न्यावा. मंगळवार, बुधवार, गुरुवार. सकाळी साडेसात ते साडेदहा. सोमवारी आणि सणाच्या आदल्या दिवशी नको. प्रत्येक थांब्यावर दोघे: एकाने चढणारे मोजायचे, दुसऱ्याने उतरणारे. कागदावर रकाने पाचच: बस आल्याची वेळ सेकंदापर्यंत, मार्ग क्रमांक, चढले, उतरले, उभे असलेले. सगळ्यांची घड्याळे सुरुवातीला जुळवून घ्यावीत, नाहीतर पुढच्या थांब्यावर बस आधी पोचलेली दिसते. ‘किती वेळ थांबलात?’ असे विचारू नये; लोक पाच किंवा दहाच सांगतात. माणूस आला ती वेळ आपणच टिपावी.

आणि पाहणी करणाऱ्यांपैकी निदान एक जोडी शेअर रिक्षाच्या रांगेपाशी उभी करावी. जो बसची वाट बघून कंटाळला तो तिथे आहे. बसमधल्या माणसांनाच विचारून केलेल्या पाहणीत सेवा नेहमी बरी दिसते, कारण ज्यांना सेवा वाईट वाटली ती माणसे नमुन्यातच येत नाहीत. निवडीचे मॉडेल बसवायचे तर दोन्ही रांगा मिळून दोन-तीनशे जण तरी हवेत. चाळीस जणांवर लॉजिट चालवले तर भाड्याचे चिन्हही उलटे येऊ शकते, म्हणजे भाडे वाढले की प्रवासी खूश! असे निष्कर्ष मुले ‘रोचक निरीक्षण’ म्हणून लिहितात, आणि ते खपूनही जाते.

परदेशी जाऊ पाहणाऱ्यांनी गणित आणि इकॉनोमेट्रिक्स (आकडेवारीवरून आर्थिक संबंध मोजण्याचे शास्त्र) पक्के करून जावे, हे सगळेच सांगतात. त्यासोबत स्वतः गोळा केलेली शंभर ओळींची का होईना, एक माहितीफाइल हातात असू द्यावी. हे आपल्या मातीला नवे नाही. पुण्याच्या गोखले संस्थेने मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांच्या मोटार-बस वाहतुकीची पाहणी १९३५ मध्ये प्रसिद्ध केली, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ तिच्या लेखकांपैकी एक. एसटीची पहिली गाडी अहमदनगरहून पुण्याला निघाली ती त्यानंतर तेरा वर्षांनी, १ जून १९४८ ला.

– वाहतूक अर्थशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे