बाबांनी विचारलं म्हणून

प्रिय आई-बाबा,

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, चार वर्षं नर्सिंग शिकलेल्या मुलींना शेवटी शेवटी आणखी काय शिकवायचं उरतं? तेव्हा गडबडीत सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

माझी बॅच आठव्या सेमिस्टरला आलीय. नव्या अभ्यासक्रमात हे सेमिस्टर म्हणजे इंटर्नशिप, आठवड्याला 48 तास. मुलींचे हात तयार आहेत. सलाइन, कॅथेटर, ड्रेसिंग, सगळं आधी पुतळ्यावर आणि मग आमच्या देखरेखीखाली पेशंटवर करून झालंय. पण आजवर शेजारी कुणीतरी शिकवणारं उभं असायचं. आता नाइटला भरलेला वॉर्ड, एक स्टाफ सिस्टर आणि तिच्या जोडीला ही पोरगी.

आई, तुझ्या ऑपरेशनच्या रात्रीची ती नवी सिस्टर आठवते? तिनं तुझं बीपी दोनदा घेतलं, चेहरा उतरला आणि काही न बोलता निघून गेली. बीपी पडतंय हे तिला कळलं होतं. तरी मी मागे लागले तेव्हाच तिनं डॉक्टरांना फोन केला. अपरात्री मोठ्या डॉक्टरांना उठवून काय आणि कसं बोलायचं, हे तिला कुणी शिकवलेलं नसावं. मी सध्या तेच शिकवते, आणि माझ्या मते या टप्प्यावर त्याहून महत्त्वाचं काही नाही.

वर्गात एकीला डॉक्टर करते, झोपमोड झालेली, चिडलेली. दुसरीनं फोन करायचा. "सर, पेशंटला बरं वाटत नाहीये" एवढं चालत नाही. "सर, मेल सर्जिकलमधून बोलतेय. बेड 12, दुपारी ऑपरेशन झालंय. बीपी 90 बाय 60, पल्स 124, दोन तासांत लघवी फक्त 20 मिली. आतून रक्तस्राव होत असेल असं वाटतंय. लगेच येऊन बघाल का?" मिळालेली ऑर्डर तिथेच परत म्हणून दाखवायची. खेड्यातून आलेल्या मुली इंग्रजीला बिचकतात. त्यांना सांगते, मराठीत बोला, पण आकडा चुकवू नका. काहींचा आवाज पहिल्यांदा अक्षरशः फुटत नाही. चौथ्या-पाचव्या वेळी फुटतो, तेव्हा मला इतका आनंद होतो म्हणून सांगू!

ओव्हर देताना, म्हणजे ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती सांगतानाही तसंच. टेबलापाशी बसून नाही, एकेका बेडपाशी उभं राहून, पेशंटच्या देखत.

औषधांच्या डोसच्या हिशोबाचे ताळे तर रोजच घेते. त्यावरून आठवलं. बाबा, तुमच्या इन्सुलिनच्या बाटलीवर 40 लिहिलंय की 100, ते आजच बघा. 40 ला लाल टोपणाची सिरिंज, 100 ला केशरी. 100 चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये खुणेपर्यंत भरलं तर डोस अडीच पट होतो. मेडिकलवाल्यानं दिली म्हणून घेऊ नका. आई, तू दोन्हींचा फोटो काढून मला पाठव.

पहिल्या नाइट ड्युट्या संपेपर्यंत मला मुलींना सोडून निघता येणार नाही. त्यानंतरच्या रविवारी येते.

तुमची,
सुमी