मेंढीचे रक्त तपासताना तिचे कूळही नोंदवावे

संपादक महोदय,

गेल्या उन्हाळ्यात हातकणंगले तालुक्यातील एक मेंढपाळ रक्ततपासणीचा अहवाल घेऊन माझ्याकडे आले. पोटॅशियम फार वाढले आहे, मूत्रपिंडे निकामी झाली आहेत, तेव्हा मेंढी विकून टाका, असे त्यांना सांगण्यात आले होते. मेंढी मात्र चरत होती आणि नीट रवंथ करत होती. मी वाड्यावर जाऊन पुन्हा रक्त घेतले, लगेच रक्तजल (पेशी काढल्यावर उरणारा द्रव) वेगळे केले, तेव्हा आकडा नेहमीचा आला. पहिली नळी उन्हातून मोटारसायकलवर गेली होती आणि वाटेत तांबड्या पेशी फुटून त्यांतले पोटॅशियम रक्तजलात उतरले होते.

पेशी फुटल्याने प्रत्येक मेंढीचा आकडा सारखा फुगत नाही, हे पशुपालकांना क्वचितच सांगितले जाते. ब्रिटिश मेंढ्यांवर काम करताना इव्हान्स यांनी 1954 मध्ये दाखवले की काही मेंढ्यांच्या तांबड्या पेशींत पोटॅशियम भरपूर, तर काहींत अगदी थोडे असते. हा फरक जन्मजात असून कमी पोटॅशियमचा गुण प्रभावी आहे, त्यामुळे जास्त पोटॅशियमची मेंढी व्हायला जास्त पोटॅशियमचा गुण आई व बाप दोघांकडून यावा लागतो. या दोन प्रकारांचे प्रमाण जातीजातीत वेगळे आढळते.

हिमोग्लोबिनचेही तसेच आहे. मेंढ्यांत त्याचे ए आणि बी असे दोन मुख्य प्रकार असून ए प्रकार प्राणवायू अधिक घट्ट धरतो. रक्त पिणाऱ्या जंतांमुळे किंवा अन्य कारणाने मोठा रक्तक्षय झाला, तर ए चा वारसा असलेली मेंढी सी नावाचे तिसरे हिमोग्लोबिन तयार करू लागते. केवळ बी असलेल्या मेंढीला ते जमत नाही.

मला सर्वाधिक काळजी तांब्याची वाटते. एडिंबरा येथे वीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या जातींच्या मेंढ्या एकाच कुरणावर ठेवल्या, तरी रक्तातील तांबे वेगळे राहिले: स्कॉटिश ब्लॅकफेसमध्ये कमी, वेल्श माउंटनमध्ये जास्त. टेक्सेल जातीच्या यकृतात तांबे लवकर साठते. साठा एका मर्यादेपलीकडे गेला की तांबड्या पेशी एकाएकी फुटतात, कावीळ होते, लघवी काळपट लाल होते आणि बहुधा मेंढी वाचत नाही. गाई-म्हशींना सोसणारे खनिज मिश्रण मेंढीला म्हणूनच घातक ठरू शकते, आणि आपल्याकडे गोठा व मेंढरे शेजारी असल्यामुळे तेच पोते दोघांसाठी सर्रास उघडले जाते.

दख्खनी मेंढीतही लोणंद, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी असे प्रकार मानले जातात. त्यात आता जत भागातून महागडे माडग्याळ जातीचे मेंढे आणून संकर होतो. अशा कळपातील प्रत्येक जनावराला एकाच छापील तक्त्यातील मर्यादा लावणे मला शास्त्रीयदृष्ट्या योग्य वाटत नाही. पशुसंवर्धन विभागाने रक्ताच्या नळीवरील चिठ्ठीत मेंढीचा प्रकार, तिच्या बाप मेंढ्याचे मूळ आणि रक्त काढल्याची वेळ लिहिणे बंधनकारक करावे, तसेच गुरांच्या खनिज मिश्रणाच्या पोत्यावर ‘मेंढ्यांना देऊ नये’ ही सूचना ठळक मराठीत छापून घ्यावी, ही विनंती.

– एक पशुवैद्यक, कोल्हापूर