उद्याची घळभ्रमंती, करिजिनी राष्ट्रीय उद्यान (पश्चिम ऑस्ट्रेलिया)

सर्व सदस्यांनी उद्या सकाळी ७ वाजता डेल्स तळावरील स्वयंपाकाच्या तंबूपाशी प्रत्येकी ३ लिटर पाणी, टोपी आणि घट्ट पकडीचे बूट घेऊन हजर राहावे. सकाळी फोर्टेस्क्यू धबधबा व फर्न पूल हा डोह, तर दुपारी वीनो घळ पाहायची आहे.

१. फर्न पूल हे इथल्या मूळनिवासी बंजिमा लोकांच्या श्रद्धेचे स्थान असल्यामुळे तिथे पाण्यात हळूच उतरावे. उड्या व आरडाओरडा कटाक्षाने टाळावा.

२. वीनो घळीतल्या हॅन्डरेल डोहाकडे उतरताना लोखंडी कठडा धरून एका वेळी एकानेच उतरावे, कारण तिथला ओला तांबडा खडक फार निसरडा असतो.

३. पाऊस दूरवर पडला तरी अरुंद घळीत अचानक लोंढा येऊ शकतो, त्यामुळे गटप्रमुखांनी सांगताच, पोहणे अर्धवट सोडून, सर्वांनी तत्काळ वर यावे.

सावलीतले पाणी अतिशय गार असते. मुलांसाठी कोरडे कपडे जरूर घ्यावेत.