ॲक्सल शाफ्ट अडकला तर छिन्नी लांब ठेवा

संपादक महोदय,

मागचा ॲक्सल शाफ्ट (डिफरन्शियलमधून चाकाकडे ताकद नेणारा दांडा) निघेना की फ्लँज (शाफ्टच्या टोकाची चकती) आणि हब (चाकाचा मधला भाग) यांच्या फटीत छिन्नी ठोकायची, ही पद्धत सर्रास चालते. शाफ्ट निघतो, पण दोन्हीकडचे सपाट पृष्ठभाग खरवडतात आणि नवे गास्केट घालूनही तिथून तेल झिरपत राहते.

ट्रकच्या फुल फ्लोटिंग ॲक्सलमध्ये, म्हणजे जिथे गाडीचे वजन हबवर असते आणि शाफ्ट फक्त चाक फिरवतो, बहुतेकदा अडलेला असतो तो शाफ्ट नव्हे, स्टडवरचे निमुळते, चिरलेले कोन. नट पूर्ण काढू नयेत, स्टडच्या टोकापर्यंत सैल करावेत. शाफ्ट एकदम सुटला तरी अंगावर येत नाही. मग फ्लँजच्या बरोबर मध्यावर साधारण ३८ मिमी व्यासाचा पितळी दांडा धरून त्यावर अडीच किलोच्या हातोड्याने जोरात ठोके द्यावेत. हादऱ्याने कोन सुटतात. पोलादी घण थेट फ्लँजवर मारला तर कपचे उडतात. चष्मा तर दोन्ही वेळा हवाच. काही फ्लँजना आटे पाडलेली दोन भोके असतात. त्यांत बोल्ट घालून दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळले की ठोकण्याची गरजच उरत नाही.

हलक्या गाड्यांच्या सेमी फ्लोटिंग ॲक्सलचे, म्हणजे जिथे शाफ्ट वजनही पेलतो, गणित वेगळे. बेअरिंग रिटेनर प्लेटने (धरून ठेवणाऱ्या पट्टीने) धरलेले असेल, तर प्लेटचे नट काढून फ्लँजला स्लाइड हॅमर (दांड्यावर सरकणाऱ्या वजनाच्या झटक्याने ओढणारे अवजार) लावावा, कारण तिथे बेअरिंग गंजून हौसिंगला चिकटलेले असते. पण शाफ्ट आतून सी-क्लिपने (इंग्रजी C आकाराच्या कडीने) अडकवलेला असेल, तर कितीही ओढा, मोडतोडच होणार. तेल काढून डिफरन्शियलचे कव्हर उघडावे, लॉक बोल्ट आणि पिनियन पिन (लहान गिअर धरणारी दांडी) काढावी, शाफ्ट आत ढकलावा, क्लिप सुटते. पिन काढल्यावर मात्र शाफ्ट फिरवू नये, लहान गिअर जागेवरून निसटतात.

शाफ्टच्या आतल्या टोकावरच्या स्प्लाइन (लांब खाचा) पिळल्या असतील तर ओढताना शाफ्ट थोडा मागेपुढे फिरवत राहावा. असा शाफ्ट पुन्हा बसवू नये. बेअरिंगची दाबून बसवलेली रिंग गॅसने तापवून काढणेही वाईट. शाफ्टचा कठीणपणा जातो. रिंगला अर्धवट ड्रिल मारून ती छिन्नीने फोडावी. छिन्नीची खरी जागा ही.

आणि एक, जे फार विसरले जाते. फुल फ्लोटिंग शाफ्ट निघाला की चाक जागेवरच राहते, पण फिरायला मोकळे होते. गिअर किंवा प्रोपेलर शाफ्टवरचा (गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या दांड्यावरचा) हँडब्रेक मग गाडी धरत नाही. चाकांना ठोकळे आधी लावावेत, नटाला पाना नंतर.

आपला,
एक मेकॅनिक वाचक