सहीबद्दल लिहिणार नव्हते

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल तुझा फोन झाल्यावर मी बराच वेळ दिवा न लावता बसून होते. "प्रकाशकाने करार पाठवलाय, सोमवारी सही करून टाकतो," एवढंच तू म्हणालास आणि मी "बरं" म्हणाले. हे पत्र त्या सहीबद्दल नाही. तू ३२ वर्षांचा आहेस, कथा तुझ्या आहेत. आमच्या लेखन मंडळात तू कथा वाचलीस, मला त्या शनिवारबद्दल लिहायचंय, कारण त्यावर आपण बोललोच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने तू गेलास आणि तुझी वही टेबलावरच राहिली.

तुमचं मंडळ म्हणजे एकमेकांची पाठ थोपटणारी म्हातारी माणसं, असं तू म्हणालास. आणि त्याच दमात, त्यांनी माझ्या कथेच्या चिंध्या केल्या, असंही म्हणालास. रागात माणूस दोन्ही बोलतो, मी ते मनात ठेवलेलं नाही. पण कोण काय म्हणालं ते तू पुरतं ऐकलं नाहीस. कंपाउंडरकाका म्हणाले, आत्या आतून कडी लावते तिथे कथा संपली, पुढची दोन पानं आम्हाला समजावून सांगायला लिहिली आहेत. त्यांचं बरोबर होतं रे. ते २१ वर्षं रहस्यकथा लिहितायत. दवाखाना बंद झाला की रात्री, दोनशेपानी वह्यांमध्ये. एकही छापलेली नाही. पण गुन्हेगार सापडल्यावर वाचक अजून किती ओळी थांबेल याचा अंदाज ज्याला सतत बांधावा लागतो, त्याला शेवट कळतो.

आमचा नियम तुला जाचक वाटला. वाचणाऱ्याने सगळ्यांचं बोलून होईपर्यंत गप्प बसायचं, आणि ऐकणाऱ्यांनी नुसतं "छान" म्हणायचं नाही. लक्ष कुठे सुटलं ते सांगायचं. पहिल्या वेळी मलाही तो सोसला नव्हता. तू तेव्हा चौथीत होतास. वाचनालयाच्या वरच्या खोलीत सहा पुरुष आणि मी. कागद इतका थरथरत होता की अण्णांनी माझ्यासमोर एक जाड शब्दकोश सरकवला, त्यावर कागद ठेवा म्हणाले. वाचून झाल्यावर कुणी बोलेना. मग अण्णांनीच सांगितलं की १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ सुरू झालं, त्यातही मनोरमाबाई रानडे एकट्याच बाई होत्या, आणि लोक त्या मंडळाला सप्तर्षी आणि अरुंधती म्हणत. पुढे म्हणाले, "तुमचं दुसरं कडवं मात्र काढून टाका." घरी येईपर्यंत मी रडत होते, आणि रात्री ते कडवं काढलं. ती कविता आजही मला आवडते.

ग्रंथपालबाई तुला आठवतात ना, तुझ्या कथेवर काहीच न बोललेल्या? त्या नऊ वर्षं एकाच कवितेवर आहेत. भुजंगप्रयात वृत्त, ओळीला बारा अक्षरं, चार वेळा लघु-गुरू-गुरू. चौथ्या कडव्यात एका जागी लघू हवा तिथे गुरू येतो. कवितेत ऱ्हस्व-दीर्घाची सूट घेता येते, आम्ही सगळ्यांनी त्यांना सांगून पाहिलं. त्या म्हणतात, मला तो शब्दच सापडायचाय. दर महिन्याला तेच कडवं वाचतात आणि आम्ही ऐकतो. तू याला वेळ घालवणं म्हणशील. मला त्या खोलीत बसलं की वाटतं, इथे कुणीतरी एका अक्षरासाठी थांबलंय, तर मीही थांबू शकते.

तू घाई करतोयस असं मला म्हणायचं नाही. पण सोमवार म्हणजे चारच दिवस राहिले. करार पूर्ण वाचलास का?

अण्णांचं तुला कधी सांगितलं नाही, त्यांना आवडलं नसतं. आता त्यांनीच सांग म्हटलंय. निवृत्तीच्या पैशातून त्यांनी आपला कवितासंग्रह काढला. प्रकाशकाने पुढे केलेल्या कागदावर आनंदाच्या भरात सही केली. ५०० प्रती छापल्या, त्यातल्या बऱ्याच अजून त्यांच्या पलंगाखाली दोरीने बांधलेल्या आहेत. त्याचं दुःख त्यांना नाही. पुढे एका संपादकाने त्यांची एक कविता निवडक कवितांच्या पुस्तकात घ्यायला मागितली, तेव्हा त्यांनी तो जुना कागद काढून वाचला. सर्व हक्क, सर्व भाषांत, कायमचे. प्रकाशन केव्हाच बंद पडलेलं. पत्र टाकलं ते परत आलं. स्वतःच्या कवितेला परवानगी द्यायला अण्णांकडे काही उरलं नव्हतं, आणि त्या संपादकाने दुसऱ्याची कविता घेतली. कविता लिहिणारा कायद्यातही मीच राहतो, हक्क दिले तरी नाव जात नाही, असं ते स्वतःशी म्हणत राहिले. तेव्हापासून छापण्यासाठी त्यांनी काही लिहिलेलं नाही. आमच्यासाठी लिहितात.

म्हणून सांगते. लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. तू सोमवारी जे लिहून देशील ते तुझ्यानंतरच्या माणसांनाही बांधील. हक्क लिहून दिले आणि मुदत लिहिली नाही, तर कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. पण "कायमचे" असं लिहिलं असेल तर तेच लागू. हक्क द्यायचे की फक्त छापायची परवानगी, हे वेगवेगळं आहे, ते बघ. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे विनामूल्य मिळतो. त्याचे पैसे वेगळे लावले असतील तर बाकीचा हिशोबही तपास. तुझी पानं ९६, म्हणजे सोळा पानी सहा फर्मे, एकेक फर्मा म्हणजे छापून घडी घातलेला एक मोठा कागद. छपाईचा खर्च दुसऱ्या छापखान्यात विचारून घे. आणि तू पैसे भरणार असशील, तर ते हक्क कशाबद्दल मागतात?

हे बघ, शेवटी व्याख्यान झालंच. माफ कर. तुला हे ठाऊक असेलही. तुझ्या बाबांनी आयुष्यात एकच कागद न वाचता सही केला. तू सातवीत होतास. पुढचं तुला माहीत आहे, मला ते पुन्हा लिहायचं नाही.

एक गोष्ट त्या संध्याकाळी मी बोलले नाही, कारण आईने आधी बोलू नये असं मला वाटलं, आणि मग तू उठून गेलास. तुझ्या कथेतला तो परिच्छेद, आत्या वाळत घातलेल्या साड्यांमधून चालत जाते आणि तिचा चेहरा एकेका साडीआड जातो, तो मी माझ्या वहीत उतरवून घेतलाय. दोनदा वाचला. वीस-बावीस वर्षांत मला असं एक वाक्य जमलेलं नाही. ते अंगण मीही रोज पाहत होते, तेव्हा तिथेच उभी होते. मला दिसलं नाही, तुला दिसलं, इतका लहान असून. तू गेल्यावर कंपाउंडरकाका जिन्यात म्हणाले, "पोरगा आपल्या सगळ्यांच्या पुढे जाईल." मी मान हलवली. पुढे म्हणजे किती लांब, असंही तेव्हा मनात आलं.

आत्याला मी काही सांगितलेलं नाही. ते तू ठरव. पण छापून येण्याआधी तिने ते तुझ्या तोंडून ऐकावं असं मला वाटतं.

रात्री जागून लिहितोस का? आवाज बसलेला वाटला. मोठ्याने वाचत जा, खोलीत कुणी नसलं तरी. जिथे दम अडखळतो तिथे वाक्य अडखळलेलं असतं, हे मला याच म्हाताऱ्या माणसांनी शिकवलं.

वही टपालाने पाठवत नाही. पुढच्या शनिवारी आलास तर इथेच आहे. नाही जमलं तर कळव, पाठवीन.

तुझी,
आई

ता. क. अण्णा म्हणतात कराराची सगळी पानं त्यांना बघायचीत, भिंगाने का होईना. फोटो काढून मला पाठव. मागच्या बाजूला काही छापलं असेल तर तीही.